घोडकाठचे पहिले शेतकरी आणि त्यांचा परतीचा रस्ता

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला दोन नद्या सह्याद्रीतून निघून पूर्वेकडे जातात. कुकडीचा उगम नाणेघाटाच्या अलीकडे कुकडेश्वराजवळ, तर घोडचा आंबेगाव तालुक्यात आहुप्याच्या डोंगरात. कुकडी पुढे घोडला मिळते आणि घोड भीमेला. आज या खोऱ्याची ओळख म्हणजे माणिकडोह, येडगाव आणि डिंभ्याची धरणे, नारायणगावचा टोमॅटो आणि शिरूरकडचा ऊस. पण याच काठांवर दगडाची हत्यारे घेऊन हिंडणाऱ्या माणसाचे आणि सातू पिकवून गाव वसवणाऱ्या माणसाचे, दोघांचेही पुरावे सापडले आहेत. दोन ठिकाणांमधले अंतर इतके की शनिवार-रविवारची सुटी पुरते. माणूस शेतकरी कसा झाला हे शाळेत आपण एका धड्यात उरकतो: आधी शिकार, मग शेती, मग गाव, मग शहर, आणि मागे वळणे नाही. बोरीहून निघून इनामगावला पोचेपर्यंत या धड्यातले शेवटचे कलम गळून पडते.

पुणे-नाशिक रस्त्याने राजगुरुनगर मागे पडले की मंचरच्या परिसरात घोडकाठी चांडोली लागते. इथे १९६० च्या सुमारास डेक्कन कॉलेजने उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगातले एक गाव उजेडात आले. तांब्याचा एक खंजीर मिळाला, ज्याच्या मुठीच्या टोकाला फुलपाखराच्या मिशांसारखे दोन फाटे आहेत. एका मुलाच्या गळ्यातले तांब्याचे मणी जवसाच्या धाग्यात ओवलेले होते. तीन हजार वर्षे हा धागा टिकला तो तांब्यामुळे, कारण तांब्याचा गंज जवळच्या सुताला कुजू देत नाही. चांडोलीत आज थांबून बघण्यासारखे काही नाही आणि काळाच्या क्रमाने पाहिले तर ती नंतरची. रस्ता काळाप्रमाणे आखलेला नसतो, म्हणून तिला रामराम करून नारायणगाव गाठले.

नारायणगावहून पूर्वेला वळले की खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या जाळीदार तबकड्या द्राक्षांच्या मळ्यांमधून डोकावू लागतात. बोरी बुद्रुक याच परिसरात. कुकडीने इथे आपलाच जुना गाळ कापून उभी दरड केली आहे. खाली काळा कातळ, त्यावर चुनखडीने घट्ट झालेले गोटे, त्यावर पिवळसर गाळाचे थर आणि त्यांच्यामध्ये एक फिकट राखाडी पट्टा. हाताने चोळला तर पिठासारखा मऊ लागतो. ही ज्वालामुखीची राख आहे. आपल्या सह्याद्रीच्या लाव्ह्याशी तिचा संबंध नाही, तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही राख आली सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, समुद्र ओलांडून, वाऱ्यावर.

या राखेला महत्त्व आले ते तिच्या सोबतच्या दगडी हत्यारांमुळे. हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेची, फरशीच्या पात्यासारखी हत्यारे इथल्या गोट्यांच्या थरात मिळाली. राखेचे वय काढता येते, म्हणजे हत्यारांचेही कळेल, असा हिशोब होता. मात्र टोबाचे उद्रेक एकाहून अधिक झाले आहेत. १९८९ मध्ये जाहीर झालेले पहिले वय निघाले सुमारे १४ लाख वर्षे. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी राखेच्या काचकणांची रासायनिक तपासणी करून ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या मोठ्या उद्रेकाची ठरवली. आणखी काही मोजमापे काही लाख वर्षांच्या घरात गेली. वाद अजून मिटलेला नाही. नदी जुना गाळ उकरते, नव्यात मिसळते, हत्यार एका थरातून दुसऱ्यात जाते, त्यामुळे हत्यार ज्या थरात सापडले त्याच काळात घडले असे छातीठोक म्हणता येत नाही.

तरी एक गोष्ट नक्की. या हातकुऱ्हाडी घडवणारे आपल्यासारखे माणूस नव्हते, आपल्या आधीच्या जातीचे होते. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कम इथे अशी हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची ठरली आहेत. महाराष्ट्रात त्या माणसांचे हाड मिळालेले नाही. नर्मदाकाठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना एका कवटीचा भाग सापडला, तेवढाच काय तो चेहरा. आपली जात, होमो सेपियन्स, आफ्रिकेत घडली. मोरोक्कोतल्या जेबेल इर्हूदचे सांगाडे सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. तिथून निघालेली माणसे फार पुढे भारतात पसरली. ती आल्यावरही दीर्घकाळ शिकारच करत होती. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथे सां. अ. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे आणि मणी मिळाले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. एका तुकड्यावर नक्षी कोरलेली आहे. म्हणजे खानदेशात तेव्हा शहामृग होते आणि त्यांचे कवच घासून दागिना करायला माणसाजवळ सवड होती. भटक्या शिकाऱ्याचे आयुष्य म्हणजे रात्रंदिवस पोटासाठी वणवण, ही आपली समजूत या मण्यांपुढे थोडी डळमळते.

बोरीहून खाली निघालो तर वाटेत निघोज. कुकडीने इथे बसाल्टच्या पात्रात गोटे घुसळून रांजणखळगे कोरले आहेत, काही इतके खोल की तळ दिसत नाही. मळगंगेच्या दर्शनाला आलेल्या मंडळींनी काठ फुललेला असतो. पुढे शिरूर, तिथून न्हावऱ्याच्या दिशेने इनामगाव. पुण्याहून थेट गेले तर अंतर ८५-९० किलोमीटर. शिरूर सोडले की पाऊस कमी होत गेल्याचे डोळ्यांना कळते. हा अवर्षणाचा पट्टा. जिथे धरणाचे पाणी पोचले तिथे ऊस आहे, जिथे नाही तिथे बाभळी, बोरी आणि ज्वारीची खुरटी शेते.

इनामगावात चहाच्या टपरीवर चौकशी केली तर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, "कालेजच्या पांढरीवर जायचंय का?" गावच्या वस्तीची राखट माती ती पांढरी, शेताची काळी, हे गावाकडे सांगावे लागत नाही. "होय बाबा, तुम्ही पाहिलं होतं का खोदकाम?" म्हटले. "पाहिलं? रोजावर होतो की. पोरसवदा होतो तवा. माती उकरायची न्हाई, खरवडायची, अशी ताकीद असायची. फावडं न्हाई, खुरपं आन् कुंचला." मग चहा संपवून ते स्वतःच वाट दाखवायला आले.

घोडच्या उजव्या काठावर पाच टेकाडे आहेत. त्यातले मुख्य टेकाड साधारण पाच हेक्टरांचे. हसमुख सांकळिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर धवळीकर यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने इथे १९६८ ते १९८३ या काळात हंगामामागून हंगाम उत्खनन केले. तोवर आपल्याकडे बहुधा उभा खड्डा घेत: किती थर आहेत, कोणता आधीचा, कोणता नंतरचा, एवढे कळले की काम झाले. इनामगावला मात्र आडवे, पसरट खोदकाम केले. त्यामुळे थरांच्या यादीऐवजी अख्खे गाव वर आले: कोणाचे घर कुठे, कोणाच्या अंगणात चूल, कुठे पेव, कुठे भट्टी. शंभराहून अधिक घरे उघडी झाली. ताम्रपाषाणयुगातले खेडे इतक्या तपशिलाने वाचता येईल अशी जागा भारतात दुसरी सहसा सांगता येणार नाही.

इथे लोक पहिल्यांदा राहायला आले ते इ.स.पू. १६०० च्या सुमारास. तेव्हा महाराष्ट्रात शेती नवी नव्हती, पण फार जुनीही नव्हती. गहू, सातू, मसूर ही धान्ये मुळात पश्चिम आशियातली, दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिथल्या डोंगरउतारांवर माणसाळवलेली. बलुचिस्तानात मेहरगढला इ.स.पू. ७००० च्या आसपास ती पिकत होती. तापी खोऱ्यात सावळदा संस्कृतीची शेतकरी गावे वसली ती इ.स.पू. २००० च्या सुमारास. म्हणजे मेहरगढहून महाराष्ट्रात यायला शेतीला पाच हजार वर्षे लागली. कारण बी पिशवीत घालून आणता येते, पाऊस आणता येत नाही. सातू आणि गहू हिवाळ्यातल्या पावसावर वाढणारी पिके, आपला पाऊस चार महिन्यांत येऊन जातो. दख्खनच्या काळ्या जमिनीने ही अडचण सोडवली. पावसाचे पाणी धरून ठेवणाऱ्या या मातीत रब्बीचे पीक ओलीवर निघते, आणि पहिल्या शेतकऱ्यांनी नेमकी अशीच नदीकाठची जमीन धरली.

इनामगावच्या पहिल्या दोनशे वर्षांतले लोक माळवा संस्कृतीचे. त्यानंतर इ.स.पू. १४०० ते १००० हा जोर्वे संस्कृतीचा भर. संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावात १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले, तेव्हापासून तांबूस अंगावर काळ्या रेघोट्यांची, कंगोरेदार वाडग्यांची आणि लांब तोटीच्या भांड्यांची ही संस्कृती त्या नावाने ओळखली जाते. टेकाडावर फिरताना अशा खापऱ्या पायाखाली दिसतात. उचलल्या, पाहिल्या, जागेवर ठेवल्या.

या चारशे वर्षांत इनामगाव नांदते गाव होते. लांबट चौकोनी घरे, कुडाच्या भिंतींना मातीचा गिलावा, वर गवताचे छप्पर, आणि घरे ओळीने, मध्ये वाट सोडून. गावाच्या मध्यावर पाच खोल्यांचे मोठे घर आणि त्याला लागून धान्यकोठार. कुंभार, सोनार, चुना भाजणारे असे कारागीर पश्चिमेच्या कडेला. नदीच्या बाजूला दगडमातीचा बांध घालून पाट काढला होता. मुख्य पीक सातू. सोबत थोडा गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. घरोघर बोरांच्या बिया. गाईबैल, शेळ्यामेंढ्या पाळलेल्या आणि हरणांची शिकारही चालूच. ज्वारीची भाकरी ही आपल्याला दख्खनची मूळ ओळख वाटते, पण ज्वारी आणि बाजरी दोन्ही आफ्रिकेतून आलेल्या. घोडकाठच्या पहिल्या शेतकऱ्याचे जेवण सातूचे होते.

बाबांनी एका उंचवट्याकडे काठी दाखवली. "तिथं रांजणातला मानूस निघाला. मांडी घालून बसल्यावानी." पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मातीचा चार पायांचा रांजण निघाला, एका बाजूने स्त्रीच्या पोटासारखा फुगीर. आत चाळिशीच्या घरातला पुरुष बसवलेला. गावातल्या इतर प्रौढांना जमिनीत उताणे, उत्तरेकडे डोके करून पुरत आणि घोट्याखाली पाय तोडत. मेलेल्याने चालत जाऊ नये, घर सोडू नये, म्हणून ही काळजी, असा एक अर्थ लावला जातो. रांजणातल्या माणसाचे पाय मात्र शाबूत होते. मध्यावरचे घर, शेजारचे कोठार आणि न तोडलेले पाय एकत्र मांडले तर गावाला प्रमुख होता आणि धान्याची वसुली त्याच्या देखरेखीखाली होती, असा धवळीकरांचा निष्कर्ष पटतो. शेतीने माणसाला साठवायला शिकवले, आणि साठा आला की त्याचा राखणदार आलाच.

या गावाची दुसरी बाजू घरांच्या जमिनीखाली आहे. इथे दोनशेच्या वर दफने मिळाली, बहुतेक लहान मुलांची. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत मूल, आणि हे सगळे राहत्या घरात, ज्या भुईवर बाकीचे निजत तिच्याखाली. एका घरात मातीच्या पेटीत एक शिर नसलेली देवीची मूर्ती आणि तिच्यासोबत बैल मिळाला, तोही असाच भुईखाली पुरलेला. एका जागी स्थिर राहिल्याने माणसाला कोठार मिळाले, देवघर मिळाले, पण साठलेले पाणी, कुजणारा कचरा, एकाच धान्यावरचे पोषण आणि लागोपाठची बाळंतपणेही मिळाली. जगभरात जिथे जिथे पहिल्या शेतकऱ्यांची हाडे तपासली गेली, तिथे बऱ्याच ठिकाणी ते त्यांच्या शिकारी पूर्वजांपेक्षा बुटके आणि किडक्या दातांचे निघाले आहेत.

इथवर शाळेतला धडा जुळतो. बिघडतो तो इ.स.पू. १००० नंतर. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातली जोर्वे गावे याच सुमारास ओस पडली. इनामगाव मात्र भीमेच्या खोऱ्यात आणखी तीनशे वर्षे तग धरून राहिले, पण वेगळे होऊन. चौकोनी घरांच्या जागी साधारण तीन मीटर व्यासाच्या गोल झोपड्या आल्या, ओळी मोडून घोळक्याने. भांडी तशीच जोर्वे घाटाची, पण जाडीभरडी आणि ओबडधोबड. शेतीचा वाटा घटला, गाईबैलांची हाडे कमी झाली, शेळ्यामेंढ्यांची आणि हरणांची वाढली. त्याच लोकांचे वंशज अर्धे भटके झाले, निम्मे आयुष्य कळपामागे आणि रानात काढू लागले.

हे का झाले? धवळीकरांच्या मते पाऊस कमी झाला आणि दख्खनच्या या टोकाच्या कोरड्या पट्ट्यात शेतीवर निभेनासे झाले. या मताला नंतर आव्हान दिले गेले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये इनामगाव, नेवासे आणि दायमाबादच्या मुलांच्या हाडांवर पुस्तक लिहिले. उत्तर जोर्वे, म्हणजे इ.स.पू. १००० नंतरच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटल्याचे त्यांना दिसले, पण त्याचे कारण नुसत्या दुष्काळात शोधून भागत नाही, असे त्यांचे म्हणणे. जमीन सतत पिकवून झालेली झीज, गावाचा भार, आहारातला बदल, हे सगळे एकमेकांत गुंतलेले होते. कारणावर मतभेद आहेत, घडले ते मात्र टेकाडावर दिसते: शेतीला लागलेला माणूस शेती आखडती घेऊन पुन्हा रानाकडे वळला.

याला अधोगती म्हणायची सवय आपल्याला आहे. टेकाडावर उभे राहून मला तसे वाटले नाही. या लोकांनी चारशे वर्षांच्या सुगीतही हरणाची शिकार सोडली नव्हती, बोरे वेचणे सोडले नव्हते, मासे धरणे सोडले नव्हते. रान त्यांच्या हातून सुटले नव्हते, म्हणून शेत हुकले तेव्हा पुढची तीनशे वर्षे निघाली. ज्यांनी सगळे सातूवर लावले असते त्यांना गाव सोडण्यावाचून गत्यंतर उरले नसते.

टेकाडावरून उतरताना बाबांना दुष्काळाचे विचारले. "बहात्तरला खोदकामाच्या मजुरीवर किती घरं जगली," ते म्हणाले, "न्हाईतर खडी फोडायला होतीच." त्या वर्षी दुष्काळी कामांवर अख्खा महाराष्ट्र उतरला होता. परत निघालो तर उसाच्या फडाकडेला ऊसतोड टोळीच्या कोप्या दिसल्या. बीडकडची, आष्टी-पाटोद्याकडची माणसे, गावी चार-दोन एकर कोरडवाहू जमीन असलेली. पाऊस झाला की घरी पेरणी, दिवाळी झाली की कोयता घेऊन बाहेर, पाचट आणि बांबूच्या खोपटात सहा महिने. दुसऱ्या अंगाला, ज्वारी काढलेल्या रानात धनगरांनी मेंढरे बसवली होती, खताच्या बदल्यात धान्य आणि पैसे ठरवून. यांना कोणत्या खान्यात टाकायचे, स्थिर की भटके? जनगणनेच्या कागदावर ते गावकरी आहेत, आणि वर्षातले निम्मे दिवस गावात नाहीत. ऊसतोडीची सक्ती आणि धनगराची परंपरा एक नव्हे, आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाशी त्यांची सरळ जोडणी करणे तर भाबडेपणाच. पण दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात नुसत्या शेतावर वर्ष निघत नाही, ही गोष्ट तेव्हाची आणि आताची एकच आहे. एका जागी राहून शेती करणे हा इथे कायमचा मुक्काम कधीच नव्हता. पाऊस आणि पाणी असेल तोवर परवडणारी ती सोय होती, आणि धरणाचे पाणी संपते तिथे ती आजही तशीच आहे.

जायचे असेल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जावे. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतते आणि उन्हाळ्यात टेकाडावर सावली नाही. जमीन शेतकऱ्यांची आहे, विचारून पाय ठेवावा, खापरी खिशात घालू नये. आणि आधी पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात इनामगावच्या वस्तू पाहून घ्याव्यात, जमल्यास धवळीकरांचे लेखनही वाचावे. तिथे घर, कोठार, कुंभ यांची मांडणी डोक्यात बसली की टेकाडावर काय कुठे होते ते उलगडते. उलट क्रमाने गेलात तर पाच हेक्टर गवत पाहून परत याल.